टोल्यूइनयुक्त थिनर : धोके आणि सुरक्षित हाताळणी
(गिरगाव ते लालबाग परिसरातील लघुउद्योगांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मुंबईतील रासायनिक उद्योगांचा विषय निघाला की माहुल, ट्रॉम्बे, तुर्भे, अंबरनाथ, डोंबिवली ही नावे प्रथम पुढे येतात. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हा परिसर या यादीत सहसा नसतो. गिरगावची ओळख वाड्यांची, चाळींची आणि छापखान्यांची. लालबाग-परळची ओळख गिरण्यांची आणि गिरण्यांच्या ऱ्हासानंतर गणेशमूर्तींच्या कार्यशाळांची. तथापि या संपूर्ण परिसरात एक ज्वालाग्राही द्रव वर्षानुवर्षे रोजच्या वापरात आहे. स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याच्या टेबलाखाली, ऑफसेट यंत्रावरील रोलर पुसणाऱ्याच्या हाताशी, लाकडी सामानाला लॅकर पॉलिश करणाऱ्याच्या पेटीत आणि रंगारी कारागिराच्या स्प्रे गनमध्ये तो आढळतो. बाजारात त्याला केवळ 'थिनर' म्हणतात.

हा द्रव रॉकेलइतकाच परिचित असल्याने त्याला रॉकेलसारखेच वागविले जाते. मूळ चूक येथेच होते. रॉकेल आणि थिनर यांच्या वर्तनात मूलभूत फरक आहे व मुंबईच्या उष्ण, दमट हवेत तो फरक अधिक धोकादायक ठरतो. थिनरच्या धोक्यांमागील शास्त्रीय कारणे स्पष्ट करणे, या परिसरातील कामाच्या जागांच्या संदर्भात त्यांचा अर्थ लावणे आणि अल्प खर्चात अमलात आणता येतील अशा सुरक्षा उपायांची मांडणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

थिनरचे स्वरूप

थिनर हा एक पदार्थ नसून अनेक द्रावकांचे मिश्रण आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थिनरमध्ये सामान्यतः टोल्यूइन किंवा झायलीन हे सुगंधी हायड्रोकार्बन, त्यांच्या जोडीला एथिल किंवा ब्यूटिल ॲसिटेटसारखी एस्टरे, ॲसिटोनसारखे कीटोन आणि काही अल्कोहोले असतात. प्रमाण उत्पादकागणिक बदलते. सुट्या विक्रीच्या डब्यावर ते बहुधा छापलेले नसते.

यांपैकी टोल्यूइन हा प्रातिनिधिक घटक मानता येईल. त्याचे नाव कोलंबियातील तोलू येथून येणाऱ्या सुगंधी राळेवरून पडले. आज ते प्रामुख्याने खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. त्याचे रेणुसूत्र C ऐवजी शब्दांत सांगावयाचे तर बेंझीनच्या वलयाला एक मिथिल गट जोडला असता टोल्यूइन तयार होते. त्याचा रेणुभार ९२, उत्कलनांक सुमारे १११ अंश सेल्सिअस आणि घनता पाण्याच्या ०.८७ पट आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झाल्यानंतर अनेक उद्योगांत बेंझीनच्या जागी टोल्यूइन आले. हा बदल आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्ह होता. मात्र आगीचा धोका त्यामुळे संपला नाही.

जळते ते बाष्प

द्रव स्वतः जळत नाही. त्याच्या पृष्ठभागावरून निघणारे बाष्प हवेत मिसळून जळते. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतके बाष्प जमते, त्या तापमानास प्रज्वलनांक अर्थात फ्लॅश पॉइंट म्हणतात. काही परिचित द्रवांचे प्रज्वलनांक (अंश सेल्सिअसमध्ये, अंदाजे) पुढीलप्रमाणे आहेत :

डायएथिल ईथर : उणे ४५
हेक्झेन : उणे २२
ॲसिटोन : उणे २०
एथिल ॲसिटेट : उणे ४
टोल्यूइन : ४
मिथेनॉल : ११
एथेनॉल : १३
ब्यूटिल ॲसिटेट : २२
झायलीन : २५ ते ३०
रॉकेल : किमान ३५ (भारतीय मानकानुसार)

खोलीचे तापमान ३० अंश असताना उघड्या भांड्यातील रॉकेलवर पेट घेण्याइतके बाष्प नसते. रॉकेल पेटविण्यासाठी वात लागते, ती याच कारणाने. टोल्यूइनच्या उघड्या भांड्यावर मात्र त्याच तापमानाला ज्वलनक्षम बाष्प आधीच तयार असते व त्याला केवळ ठिणगीची प्रतीक्षा असते. थिनरमध्ये ॲसिटोन असल्यास मिश्रणाचा प्रज्वलनांक शून्याच्याही खाली जातो.

दुसरी महत्त्वाची संकल्पना स्फोटमर्यादेची आहे. हवेतील टोल्यूइन बाष्पाचे प्रमाण आकारमानाने सुमारे १.२ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर मिश्रण पेट घेत नाही. ते सुमारे ७.१ टक्क्यांपेक्षा अधिक असेल, तरीही प्राणवायू अपुरा पडल्याने मिश्रण पेटत नाही. या दोन मर्यादांमधील प्रत्येक मिश्रण ज्वलनक्षम असते आणि बंदिस्त जागेत ते स्फोटासारखे जळते.

मुंबईचे तापमान आणि बंद पिंपातील हवा

हे दोन निकष मुंबईच्या हवामानाला लावले असता काय दिसते? सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेले मुंबईचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते २२ जानेवारी १९६२ रोजीचे आहे. म्हणजेच शहरातील सर्वांत थंड नोंदही टोल्यूइनच्या प्रज्वलनांकापेक्षा अधिकच आहे. थंड प्रदेशातील कारखान्यात हिवाळ्यात काही काळ तरी टोल्यूइन प्रज्वलनांकाच्या खाली राहते. मुंबईत असा एकही दिवस येत नाही.

याहून लक्षणीय बाब बंद पिंपाची आहे. अर्धवट भरलेल्या बंद पिंपात द्रवाच्या वरची पोकळी बाष्पाने संपृक्त होते. टोल्यूइनच्या बाष्पदाबावरून हिशेब केल्यास या पोकळीतील बाष्पाचे प्रमाण २० अंशांना सुमारे २.९ टक्के, २५ अंशांना ३.७ टक्के आणि ३० अंशांना ४.८ टक्के येते. ही तिन्ही मूल्ये १.२ ते ७.१ या टप्प्याच्या आत आहेत. वरची मर्यादा ओलांडण्यासाठी तापमान सुमारे ३८ अंशांवर जावे लागते. मुंबईत तसे उन्हाळ्याचे मोजके दिवस वगळता होत नाही. याचा अर्थ असा की, मुंबईच्या सर्वसाधारण हवेत अर्धवट भरलेल्या टोल्यूइनच्या पिंपातील पोकळी जवळजवळ वर्षभर स्फोटक असते.

ॲसिटोनशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ॲसिटोन टोल्यूइनपेक्षा अधिक सहज पेटते, परंतु २५ अंशांना त्याच्या बंद डब्यातील बाष्पाचे प्रमाण सुमारे ३० टक्के असते व ते त्याच्या १३ टक्क्यांच्या वरच्या स्फोटमर्यादेपेक्षा बरेच अधिक आहे. म्हणून डब्याच्या आत ते सहसा पेटत नाही. धोका डब्याबाहेर असतो. टोल्यूइनचा धोका डब्याच्या आत आणि बाहेर असा दुहेरी आहे. टोल्यूइन व ॲसिटोन यांच्या मिश्रणात पोकळीची स्थिती मिश्रणाच्या प्रमाणावर आणि डबा किती वेळा उघडला गेला यावर ठरते. म्हणून थिनरचा कोणताही अर्धवट भरलेला डबा स्फोटक समजूनच हाताळणे सुज्ञपणाचे होय.

'रिकाम्या' पिंपाबाबतही हेच लागू पडते. तळाशी राहिलेले थोडेसे थिनर संपूर्ण पिंप बाष्पाने भरण्यास पुरते. जुनी पिंपे पाणी साठविण्यासाठी, कचऱ्यासाठी अथवा पत्र्यासाठी कापून वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे. असे पिंप आत पाणी न भरता, न धुता गॅस कटरने किंवा ग्राइंडरने कापणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण देणे होय.

एका खोलीचे गणित

एक लिटर टोल्यूइनचे वजन सुमारे ८६७ ग्रॅम असते. ते पूर्णतः बाष्पीभूत झाल्यास सामान्य तापमानाला सुमारे २३० लिटर बाष्प तयार होते. चाळीतील १० फूट लांब, १२ फूट रुंद आणि ९ फूट उंच खोलीचे आकारमान सुमारे ३०.६ घनमीटर, म्हणजे ३०,६०० लिटर भरते. एक लिटर थिनर सांडून त्याचे बाष्प खोलीभर समप्रमाणात पसरले, तर त्याचे सरासरी प्रमाण ०.७५ टक्के होते आणि ते स्फोटमर्यादेच्या खाली राहते.

प्रत्यक्षात बाष्प समप्रमाणात पसरत नाही. टोल्यूइनचे शुद्ध बाष्प हवेच्या ३.१ पट जड आहे. हवेत मिसळलेले ४.८ टक्क्यांचे मिश्रणही साध्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के जड असते व तेवढा फरक त्याला खाली वाहण्यास पुरेसा ठरतो. हेच बाष्प जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच्या थरात साचले, तर त्या थरातील प्रमाण २.२५ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे ते पूर्णतः स्फोटक टप्प्यात येते. उभ्या माणसाच्या नाकाशी वास सौम्य वाटत असतानाच त्याच्या गुडघ्याशी परिस्थिती गंभीर झालेली असू शकते.

या परिसरातील अनेक गाळ्यांमध्ये विजेचे एक्स्टेंशन बोर्ड, काँप्रेसरची मोटार, चहाची शेगडी आणि उदबत्ती या सर्व गोष्टी जमिनीलगतच असतात. जड बाष्प दाराच्या फटीतून, मोरीतून आणि जिन्यावरून खाली उतरत दूरवर जाऊ शकते. तेथे ते पेटल्यास ज्योत त्याच मार्गाने मूळ डब्यापर्यंत परत येते. 'आग तर पलीकडे होती' असे अपघातानंतर ऐकू येणारे आश्चर्य या गुणधर्मातून उद्भवते.

न दिसणारी ठिणगी

उघडी ज्योत, विडी-सिगारेट, वेल्डिंग व सैल वायरजोडणी हे प्रज्वलनाचे स्रोत सर्वपरिचित आहेत. स्थिर विद्युत हा स्रोत मात्र दुर्लक्षित राहतो. टोल्यूइन विजेचे अत्यंत मंद वाहक आहे. ते नळीतून वाहताना, नरसाळ्यातून पडताना किंवा उंचावरून डब्यात ओतताना त्यावर विद्युतभार साचतो व तो लवकर निचरत नाही. टोल्यूइन बाष्प पेटविण्यास सुमारे ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. मानवी शरीरावर साचलेल्या भाराच्या ठिणगीत याहून कितीतरी अधिक ऊर्जा असू शकते.

मुंबईच्या दमट हवेत स्थिर विद्युत साचत नाही, असा एक समज आहे. तो अर्धसत्य आहे. दमटपणामुळे कापड, लाकूड यांच्या पृष्ठभागावरील भार निचरतो. परंतु द्रवाच्या अंतर्भागातील भारावर हवेतील आर्द्रतेचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय आधुनिक छपाई विभाग वातानुकूलित असल्याने तेथील हवा कोरडीच असते.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण बोधप्रद आहे. १७ जुलै २००७ रोजी कॅन्सस राज्यातील व्हॅली सेंटर येथे बार्टन सॉल्व्हेंट्स या साठवण केंद्रात नॅफ्था प्रकारच्या द्रावकाच्या टाकीत स्फोट झाला आणि सुमारे ६,००० रहिवाशांना घरे सोडावी लागली. तेथील केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. एक, टाकीतील पोकळी त्या दिवशीच्या तापमानाला स्फोटक टप्प्यात होती. दुसरी, टाकीतील पातळीमापक तरंगत्याच्या सैल जोडणीमुळे तेथे स्थिर विद्युतेची ठिणगी पडली असावी. प्रज्वलनांक कमी, वाहकता अल्प आणि पोकळी स्फोटक अशा द्रावकांचा हा वर्ग आहे. टोल्यूइन याच वर्गात मोडते.

गिरगावचे छापखाने, लालबागचे मांडव

गिरगाव-काळबादेवी परिसराला मुद्रणाची दीर्घ परंपरा आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना हा तिचा मानबिंदू होय. खिळ्यांच्या छपाईच्या काळात खिळे व रूळ पुसण्यासाठी रॉकेलसारखी द्रव्ये चालत. पुढे ऑफसेट व स्क्रीन प्रिंटिंग आले आणि शाई लवकर विरघळविणारी, लवकर उडून जाणारी द्रावके सोयीची ठरली. लवकर उडून जाणे हा मुद्रकाच्या दृष्टीने गुण असला, तरी आगीच्या दृष्टीने तोच दोष आहे. लग्नपत्रिकांच्या हंगामात लहान गाळ्यात ओल्या पत्रिका वाळत घातलेल्या असतात. त्या प्रत्येक पत्रिकेवरून बाष्प निघत असते आणि सभोवती कागदाचे गठ्ठे असतात.

सार्वजनिक गणेशोत्सवाचा मुंबईतील आरंभ १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत झाला. लालबागच्या गणेश गल्लीतील मंडळ १९२८ चे, तर लालबागचा राजा मंडळ १९३४ चे. या उत्सवाच्या आधाराने लालबाग, परळ व चिंचपोकळी येथे मूर्तिकलेचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्याची कालगणनाच धोक्याच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. रंगकामाचा मुख्य काळ आषाढ-श्रावणाचा, म्हणजे ऐन पावसाळ्याचा असतो. मूर्ती भिजू नये म्हणून मांडव ताडपत्रीने व प्लॅस्टिकने चहूबाजूंनी बंद केला जातो. हवा खेळण्याची सर्वाधिक गरज असते, नेमकी तेव्हाच ती अडविली जाते. दमट हवेत रंग वाळावा म्हणून प्रखर दिवे व पंखे लावले जातात. चतुर्थी जवळ आली की काम रात्रंदिवस चालते व अनेक ठिकाणी कारागीर मांडवातच झोपतात.

अनेक मूर्तिकार आज पाण्यात मिसळणारे रंग वापरतात आणि तेथे हा धोका पुष्कळच कमी आहे. परंतु जेथे तेलरंग, लॅकर, चमकदार थर अथवा सोनेरी पावडरीसाठी वॉर्निश वापरले जाते, तेथे थिनर येतेच. परांचीवर बसून उंच मूर्तीवर स्प्रे मारताना बाष्प व सूक्ष्म थेंब खाली उतरतात. खाली विजेच्या तारा, काँप्रेसर, बांबू, काथ्या आणि कापड असते.

अशा जागी आग लागल्यास अग्निशमन दलापुढील अडचणीही मोठ्या असतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला लागलेल्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे तत्कालीन प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्या घटनेचा संबंध द्रावकांशी जोडण्याचे कारण नाही. परंतु लाकडी जिने, दाट वस्ती व अरुंद वाटा असलेल्या जुन्या इमारतीत आग किती वेगाने हाताबाहेर जाते, हे तिने दाखवून दिले. अशा इमारतीच्या तळमजल्यावर किंवा पोटमाळ्यावर थिनरचा साठा असेल, तर त्याची जोखीम साठा करणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही. वरच्या मजल्यावर झोपलेले कुटुंबही त्या जोखमीत सामील असते.

आरोग्यावरील परिणाम

टोल्यूइनचे बाष्प श्वासावाटे शरीरात जाते व मज्जासंस्थेवर परिणाम करते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी आणि निर्णयशक्तीतील मंदपणा ही प्रारंभीची लक्षणे होत. दीर्घकाळच्या संपर्काने स्मरणशक्ती व श्रवणशक्ती यांवरही परिणाम होऊ शकतो. त्वचेतील स्निग्धांश विरघळल्याने हात कोरडे पडतात, भेगाळतात. कामानंतर थिनरने हात धुण्याची सवय म्हणूनच अपायकारक आहे.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या परिशिष्टात टोल्यूइनसाठी आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दशलक्ष भागांत १०० भाग ही मर्यादा दिलेली होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने नंतर याहून बरीच कमी, २० भागांची मर्यादा सुचविली. स्फोटाची खालची मर्यादा १.२ टक्के, म्हणजे दशलक्षात १२,००० भाग आहे. आरोग्याची जुनी मर्यादा व स्फोटाची मर्यादा यांत अशा प्रकारे १२० पटींचे अंतर आहे. त्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो : जेथे कामगाराचे डोके दुखत नाही इतकी हवा खेळती ठेवली जाते, तेथे आगीचा धोकाही बऱ्याच अंशी आटोक्यात राहतो. मात्र वासाची जाणीव हा विश्वासार्ह निकष नाही. काही वेळाने नाक त्या वासाला सरावते आणि वास 'गेल्याचा' भास होतो.

कायदेशीर चौकट

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार द्रव हायड्रोकार्बन व हायड्रोकार्बन असलेले ज्वालाग्राही मिश्रण या दोहोंचा समावेश 'पेट्रोलियम' या संज्ञेत होतो. ज्यांचा प्रज्वलनांक २३ अंशांपेक्षा कमी आहे ते 'अ' वर्गात येतात. म्हणून टोल्यूइन व टोल्यूइनयुक्त थिनर हे कायद्याच्या दृष्टीने पेट्रोलच्याच वर्गातील पदार्थ होत. विक्रीसाठी नसलेला 'अ' वर्गाचा ३० लिटरपर्यंतचा साठा विनापरवाना ठेवता येतो. त्यासाठीही भांड्याची अट आहे : काचेचे अथवा दगडी भांडे एक लिटरपेक्षा आणि धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे. या अधिनियमाची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रातच, नागपूर येथे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ अन्वये धोकादायक वस्तूंचा साठा व तत्सम व्यवसाय यांसाठी महापालिकेचा परवाना लागतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक व भोगवटादार यांवर आहे.

दोन-चार माणसांचा गाळा कामगारसंख्येमुळे 'कारखाना' या व्याख्येत बसत नाही व त्यामुळे नियमित निरीक्षणाच्या कक्षेबाहेर राहतो. जेथे जागा सर्वांत अपुरी, तेथेच देखरेख सर्वांत कमी, अशी ही विसंगती आहे. म्हणून अशा ठिकाणी कायद्याइतकेच ज्ञानाचे महत्त्व आहे.

सुरक्षित हाताळणीची सूत्रे

१) पर्याय शोधणे : पाण्यात मिसळणारे रंग, उच्च प्रज्वलनांकाचे रोलर-वॉश व अतिनील किरणांनी वाळणाऱ्या शाया हे पर्याय उपलब्ध आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मूर्तिविसर्जन मार्गदर्शक सूचनांनीही विषारी रासायनिक रंगांऐवजी पर्यावरणस्नेही, जलाधारित रंगांचा पुरस्कार केला आहे. जलस्रोतांसाठी केलेली ही सूचना पाळल्यास मूर्तिकाराच्या मांडवातील आगीचा धोकाही कमी होतो.

२) साठा कमी ठेवणे : कामाच्या जागी एका दिवसापुरतेच थिनर असावे. उर्वरित साठा धातूच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, जिन्यापासून व झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत थिनर कधीही भरू नये. डब्यावर मराठीत व हिंदीत ठळक नाव लिहावे.

३) झाकण लावणे : वापर नसेल तेव्हा भांडे बंद असावे. उघड्या पातेल्यात चिंधी बुडविण्याऐवजी दाबून थोडे थोडे द्रावक देणारा धातूचा डबा वापरावा.

४) वायुवीजन : तासाला एक लिटर टोल्यूइन उडत असेल, तर हवेतील त्याचे प्रमाण स्फोटमर्यादेच्या एक चतुर्थांशावर ठेवण्यास तासाला किमान ७७ घनमीटर ताजी हवा लागते. आरोग्यासाठीची १०० भागांची मर्यादा पाळावयाची, तर हीच गरज २,३०० घनमीटर होते. हवा सर्वत्र सारखी मिसळत नसल्याने प्रत्यक्षात याच्या कित्येक पट तरतूद करावी. हवा ओढणारे छिद्र जमिनीलगत आणि ताज्या हवेचा मार्ग समोरच्या बाजूस असावा. बाष्प साध्या एक्झॉस्ट पंख्याच्या मोटारीवरून जाऊ देऊ नये. फ्लेमप्रूफ मोटार अथवा हवेच्या प्रवाहाबाहेर बसविलेली मोटार वापरावी. मांडवात पावसाच्या विरुद्ध दिशेची ताडपत्री तळापासून दोन फूट उचलून बाहेर तिरपी ताणल्यास पाऊस आत न येता हवा खेळती राहते.

५) ओतण्याची रीत : पिंपातून डब्यात ओतताना दोन्ही धातूची भांडी तारेने परस्परांना जोडावीत व पिंपाला अर्थिंग द्यावे. नळीचे टोक डब्याच्या तळापर्यंत नेऊन द्रव सावकाश सोडावा. प्लॅस्टिकच्या डब्याला अर्थिंगचा उपयोग होत नाही, म्हणून मोठ्या प्रमाणातील द्रवासाठी प्लॅस्टिक टाळावे.

६) विजेची उपकरणे : स्विचबोर्ड, काँप्रेसर व दिवे स्प्रेच्या जागेपासून दूर आणि जमिनीपासून उंच असावेत. थिनर सांडल्यास घाईने पंखा किंवा दिवा चालू अथवा बंद करू नये. प्रथम दारे-खिडक्या उघडून माणसांना बाहेर काढावे. सांडलेल्या द्रवावर कोरडी वाळू टाकून ती ठिणगी न पडणाऱ्या साधनाने उचलावी.

७) चिंध्या व टाकाऊ द्रावक : थिनरने भिजलेल्या चिंध्या व कॉटन वेस्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून रोज बाहेर काढाव्यात. जवसाचे तेल किंवा तेलवॉर्निश लागलेल्या चिंध्यांचा ढीग ठिणगीशिवाय आपोआप तापून पेटू शकतो. उरलेले थिनर मोरीत किंवा गटारात ओतणे हा गंभीर गुन्हा समजावा. ते पाण्यावर तरंगत दुसऱ्याच्या दारापर्यंत जाते.

८) वैयक्तिक संरक्षण : कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क बाष्प अडवीत नाही. त्यासाठी सक्रियित कोळशाचा सेंद्रिय बाष्पांसाठीचा मास्क लागतो. साधे रबरी हातमोजे टोल्यूइनमध्ये फुगतात, म्हणून द्रावकाला योग्य असे हातमोजे निवडावेत.

आग लागल्यास

थिनरच्या आगीवर पाण्याचा फवारा मारल्यास जळता द्रव पाण्यावर तरंगत पसरतो. कोरड्या रासायनिक भुकटीचे, कार्बन डायऑक्साइडचे अथवा फेसाचे अग्निशामक वापरावे. लहान भांड्याची आग धातूचे झाकण सरकवून किंवा वाळूने विझविता येते. पेटलेले भांडे उचलून बाहेर धावणे हा सर्वांत घातक प्रकार होय. त्यात भांडे उचलणारा भाजतो आणि वाटेवर आग सांडते. पहिला प्रयत्न अयशस्वी झाल्यास बाहेर पडून दार ओढून घ्यावे, वरच्या मजल्यांना सावध करावे व १०१ क्रमांकावर कळविताना आत द्रावक असल्याचे आवर्जून सांगावे. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे सामान्य तापमानाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई किंवा तेल लावू नये. थिनर गिळले गेल्यास उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात शिरण्याची भीती असते.

महाविद्यालयांची भूमिका

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांना यातील बहुतेक बाबी नव्या नाहीत. तरीही ईथर साध्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवणे, टाकाऊ द्रावक सिंकमध्ये ओतणे, ज्योतीशेजारी ॲसिटोनने काचसामान वाळविणे असे प्रकार शैक्षणिक संस्थांतही घडतात. साध्या फ्रिजमधील थर्मोस्टॅट व दिव्याचे बटण ठिणगी देऊ शकतात. ईथरचा प्रज्वलनांक फ्रिजमधील तापमानापेक्षा कितीतरी खाली असल्याने तेथील बाष्प ज्वलनक्षमच राहते. आपल्या प्रयोगशाळेचे परीक्षण हा पहिला टप्पा असावा.

दुसरा टप्पा परिसराचा आहे. प्रज्वलनांक, बाष्पदाब, स्फोटमर्यादा या संकल्पना पदवी अभ्यासक्रमात शिकविल्या जातात, परंतु बहुधा पाठ्यपुस्तकातील उदाहरणांनी. एका खोलीत एक लिटर थिनर सांडल्यास काय होईल, हे उदाहरण विद्यार्थ्याने वर्गात सोडविले, तर त्याला शास्त्र समजेल आणि त्यातील अनेकांना आपल्याच गल्लीतील गाळा आठवेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांमार्फत आषाढ लागण्यापूर्वी मूर्तिकार, मुद्रक व पॉलिश कारागीर यांच्यासाठी मराठी आणि हिंदी पत्रक, ओतण्याच्या योग्य रीतीचे प्रात्यक्षिक व अग्निशामक वापरण्याचा सराव हा उपक्रम कोणत्याही महाविद्यालयास अल्प खर्चात करता येईल.

समारोप

थिनरचा धोका द्रवात कमी व बाष्पात अधिक आहे. मुंबईच्या हवेत टोल्यूइन कायम प्रज्वलनांकाच्या वर असते व अर्धवट भरलेल्या पिंपातील पोकळी बहुतेक काळ स्फोटक असते. शहराचे तापमान आणि जुन्या इमारतींची रचना कारागिराच्या हाती नाहीत. साठ्याचे प्रमाण, डब्याचे झाकण, जमिनीलगतची हवा आणि ठिणगीचे स्रोत या चार गोष्टी मात्र पूर्णतः त्याच्या हाती आहेत व त्यांसाठी मोठी गुंतवणूक लागत नाही. या चार गोष्टींमागील कारण कारागिराला समजेल अशा भाषेत पोहोचविणे, हे या परिसरातील महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.